साउंड लेव्हल मीटरने आवाज मोजताना: बटण दाबण्याआधी, दाबल्यावर आणि नंतर

मीटर चालू केला, आवाजाच्या दिशेने धरला, स्क्रीनवर ७२.४ दिसलं, फोटो काढला. बहुतेकांचं मोजमाप इथेच संपतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ६८ येतं, दुसऱ्याच्या मीटरवर ७५ येतं आणि खापर मीटरवर फुटतं. मीटर क्वचितच चुकलेला असतो. तो कुठे धरला, कोणत्या सेटिंगवर होता, किती वेळ चालवला आणि त्या जागी बाकीचा आवाज किती होता, यात फरक पडलेला असतो. यातली एकेक चूक सहज ३ डेसिबेलचा फरक पाडते, आणि ३ डेसिबेल म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट किंवा निम्मी. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: काय मोजायचंय ते आधी लिहून काढा

मीटर पेटीतून काढायच्या आधी एक वाक्य लिहा: कोणाचा आवाज, कुठे, कोणत्या वेळी, कशासाठी. ‘पंपाचा आवाज मोजायचाय’ हे वाक्य अपुरं आहे. पंप स्वतः किती आवाज करतो हे हवं असेल तर माइक पंपापासून ठरावीक अंतरावर लागेल. पंपामुळे झोपायच्या खोलीत किती आवाज येतो हे हवं असेल तर माइक त्या खोलीत लागेल. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

निकाल एखाद्या नियमातल्या मर्यादेशी ताडून पाहायचा असेल तर तो नियम आधी पूर्ण वाचा. मर्यादा नुसता आकडा देत नाही. सरासरी की कमाल, किती तासांची, दिवसा की रात्री, माइक कुठे, हे सगळं तिच्यासोबत येतं. ८ तासांच्या सरासरीसाठी असलेल्या मर्यादेशी क्षणभर दिसलेला आकडा ताडला तर ते मोजमाप कोणीही खोडून काढेल.

टप्पा २: मीटर या कामाचा आहे का ते बघा

मीटरच्या पाठीवर किंवा माहितीपुस्तिकेत ‘आयईसी ६१६७२’ हे मानक आणि ‘क्लास १’ किंवा ‘क्लास २’ लिहिलेलं असायला हवं. मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १ किलोहर्ट्झला क्लास १ साठी ±०.७ आणि क्लास २ साठी ±१.० डेसिबेल एवढी सूट आहे. एवढं वाचून दोन्ही सारखेच वाटतात, पण फार खालच्या आणि फार वरच्या पट्टीत क्लास २ ची सूट बरीच वाढते. नेहमीच्या तपासणीला क्लास २ चालतो. वाद किंवा कायदेशीर प्रकरण असेल तर क्लास १ घ्या.

दुसरी बाब म्हणजे मीटरची खालची मर्यादा. बऱ्याच साध्या मीटरना ३० ते ३५ डेसिबेलच्या खालचं काही कळत नाही, कारण तिथे त्यांच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचीच खरखर असते. शांत खोलीत अशा मीटरवर ३४ आलं तर तो खोलीचा आवाज नसून मीटरचाच असू शकतो. मोजायचा आवाज या मर्यादेच्या निदान ५ डेसिबेल वर असावा, १० असेल तर उत्तम.

मोबाइलवरचं अॅप अंदाज घेण्यापुरतं ठीक आहे. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, आवाज वाढला की फोन तो आपोआप दाबू शकतो, आणि त्याला कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला स्वर देऊन मीटर तपासणारं उपकरण, लावायची सोय नसते. त्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

टप्पा ३: निघण्यापूर्वीची तयारी

- बॅटरी नवी किंवा पूर्ण चार्ज केलेली. कॅलिब्रेटरची बॅटरीसुद्धा. ती नेमकी विसरली जाते.
- मीटरचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ जुळवा. ‘१० वाजून १२ मिनिटांनी ट्रक गेला’ ही नोंद नंतर मीटरमधल्या आलेखावर शोधायची असते.
- ट्रायपॉड, विंडस्क्रीन म्हणजे माइकवरची स्पंजची टोपी, मोजपट्टी, वही, पेन.
- बाहेर मोजायचं असेल तर वारा मोजायचं छोटं यंत्र.
- मीटर आणि कॅलिब्रेटर या दोघांचं प्रयोगशाळेतलं प्रमाणपत्र मुदतीत आहे का. साधारण १ ते २ वर्षांनी ते नव्याने करून घेतात.

थंड खोलीतून दमट हवेत मीटर आणलात तर माइकच्या पडद्यावर बाष्प धरतं. अर्धा तास तसाच राहू द्या, मगच चालू करा. चालू केल्यावरही एक-दोन मिनिटं थांबा.

टप्पा ४: कॅलिब्रेशन, जागेवर, प्रत्येक वेळी

‘मागच्या महिन्यात केलं होतं’ हे उत्तर चालत नाही. कॅलिब्रेटर हे माइकवर बसणारं छोटं उपकरण ठरलेला स्वर देतं, सहसा १ किलोहर्ट्झला ९४ किंवा ११४ डेसिबेल. ९४ डेसिबेल म्हणजे १ पास्कल ध्वनिदाब.

१. विंडस्क्रीन काढा. टोपीवरून कॅलिब्रेटर बसत नाही.
२. माइकच्या व्यासाचा अॅडॉप्टर कॅलिब्रेटरमध्ये आहे ना ते बघा. अर्ध्या इंचाचा माइक सर्वांत प्रचलित आहे.
३. माइक हलकेच फिरवत आत सारा, आतल्या रबरी कड्यावर घट्ट बसेपर्यंत. झटक्याने ढकलू नका. आत अडकलेल्या हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो.
४. कॅलिब्रेटर चालू करून आकडा स्थिर होऊ द्या. दशांशाचा आकडा सतत हलत असेल तर माइक नीट बसलेला नाही किंवा आसपास फार गोंगाट आहे.
५. आलेलं रीडिंग आधी वहीत लिहा, मग समायोजन करा. उलट केलंत तर मीटर किती सरकला होता हे कायमचं हरवतं.

कोणता आकडा यायला हवा ते पुस्तिकेत बघा. काही माइकसाठी ९४.० ऐवजी ९३.८ किंवा ९३.९ लावायला सांगितलेलं असतं. पिस्टनफोन, म्हणजे दट्ट्याने स्वर काढणारा कॅलिब्रेटर, वापरत असाल तर तो २५० हर्ट्झचा स्वर देतो. ए-वेटिंग (वेगवेगळ्या पट्टीच्या आवाजांना कमी-जास्त वजन देणारं सेटिंग, टप्पा ५ पाहा) लावलेलं असेल तर मीटर ८.६ डेसिबेल कमी दाखवेल आणि तुम्ही चांगला मीटर बिघडवून ठेवाल. त्याच्यासाठी या स्वराला न कापणारं सी किंवा झेड वेटिंग लावा आणि हवेच्या दाबाची दुरुस्तीही करा.

थांबा: मागच्या वेळेपेक्षा १ डेसिबेलहून जास्त फरक दिसला तर समायोजन करून पुढे जाऊ नका. मीटर पडला असेल, माइक ओलसर असेल किंवा कॅलिब्रेटर बिघडला असेल. कारण सापडेपर्यंत तो मीटर बाजूला ठेवा.

कॅलिब्रेशन झालं की विंडस्क्रीन परत लावा. घरातसुद्धा लावा, पंख्याचा झोतही माइकला पुरतो. काही मीटरमध्ये विंडस्क्रीन लावलीय हे मेनूत सांगावं लागतं, तेही करा.

टप्पा ५: सेटिंग

वेटिंग. ए-वेटिंग कानाच्या संवेदनेशी जुळवलेलं आहे, म्हणून ते खालच्या पट्टीचे आवाज बरेच कापतं: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबेल, ५० हर्ट्झला सुमारे ३०. बहुतेक नियम ‘डीबीए’ मागतात, म्हणजे हेच. पण ट्रान्सफॉर्मर, मोठे ब्लोअर, शेजारून येणारा बेस अशा घुमणाऱ्या आवाजाची तक्रार असेल तर नुसत्या ए-वेटिंगने तक्रारच गायब होते. अशा वेळी त्याच जागी सी-वेटिंगनेही मोजा. सी आणि ए यांच्यातला फरक १५ ते २० डेसिबेलच्या पुढे गेला तर खालच्या पट्टीचा आवाज प्रबळ आहे आणि आवाज ऑक्टेव्ह बँडमध्ये, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत, विभागून मोजायला हवा. तक्रार करणाऱ्याला ‘मीटरवर तर काहीच नाही’ असं सांगण्याआधी एवढं नक्की करा. त्याला होणारा त्रास खरा असतो, तो आपण चुकीच्या सेटिंगवर शोधत असतो.

फास्ट की स्लो. आवाज बदलल्यावर मीटर किती झटपट प्रतिसाद देतो ते कालांक सांगतो. फास्टचा कालांक १२५ मिलिसेकंद, स्लोचा १ सेकंद. कुत्रा भुंकणं, दार आदळणं यांची कमाल पातळी स्लोवर फास्टपेक्षा कमी दिसते. नियमात सांगितलं असेल ते, नाहीतर फास्ट. सरासरीवर, म्हणजे एलईक्यूवर, या निवडीचा परिणाम होत नाही.

कमाल आणि पीक. ‘मॅक्स’ ही फास्ट किंवा स्लो लावून आलेली सर्वांत वरची पातळी. ‘पीक’ हा ध्वनिदाबाचा क्षणिक शेंडा, त्याला कालांक नसतो. हातोड्याच्या घावात पीक हे मॅक्सपेक्षा २० डेसिबेल वर असू शकतं. अहवालात एकाच्या जागी दुसरं लिहिलं की अनर्थ होतो.

रेंज. जुन्या किंवा साध्या मीटरमध्ये ३० ते ८०, ५० ते १०० अशा रेंज असतात. सर्वांत मोठा आवाज वरच्या टोकाच्या आत राहील अशी रेंज घ्या. मोजताना एकदाही ‘ओव्हर’ दिसलं तर ते मोजमाप रद्द.

तपासा: ‘मॅक्स होल्ड’ बंद आहे ना? तो चालू राहिला की स्क्रीनवरचा आकडा चढतो पण उतरत नाही, आणि पाहणारा त्याला स्थिर आवाज समजतो. स्वस्त मीटरवर हे बटण बोटाखालीच असतं.

टप्पा ६: माइकची जागा

सर्वांत जास्त डेसिबेल इथे हरवतात किंवा फुकट मिळतात, म्हणून इथे घाई नको.

बाहेर मोजताना माइक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि भिंत, गाडी, कुंपण अशा परावर्तक पृष्ठभागांपासून निदान ३.५ मीटर लांब ठेवा. भिंतीपुढे मीटर-दोन मीटरवर मोजलं तर भिंतीवरून परतलेला आवाज मिसळून रीडिंग साधारण ३ डेसिबेल वाढतं. इमारतीपुढे मोजावंच लागत असेल तर मोजा, पण अंतर लिहा आणि दुरुस्ती करायची की नाही हे नियमानुसार ठरवा.

खोलीत भिंत, छत आणि जमिनीपासून किमान अर्धा मीटर आणि खिडकीपासून किमान १ मीटर लांब राहा. एका जागेवर समाधान मानू नका, निदान तीन जागा घ्या. कारण बघा: १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे साध्या खोलीएवढी. अशी लहर भिंतींमध्ये पुढे-मागे आपटून कुठे साचते, कुठे विरते. घुमणाऱ्या आवाजात खोलीच्या मधोमध आणि कोपऱ्यात १० डेसिबेलचा फरकही दिसू शकतो. मीटर हातात धरून सावकाश खोलीभर फिरा, आकडा चढता-उतरता दिसेल. मगच ट्रायपॉड कुठे लावायचा ते ठरवा. खिडक्या-दारं उघडी की बंद, हे आधीच नक्की करा आणि लिहा.

कामाच्या ठिकाणी माणसाच्या कानाशी पोहोचणारा आवाज हवा असेल तर शक्य असल्यास त्याला बाजूला करून त्याचं डोकं असतं तिथे माइक ठेवा. त्याला उठवता येत नसेल तर जास्त आवाजाकडच्या कानापासून १० ते ४० सेंटिमीटरवर धरा.

आता तुमचं स्वतःचं शरीर. माणूस आवाज अडवतो आणि परतवतो. मीटर छातीशी धरला तर ४०० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबेलपर्यंत चूक येऊ शकते. ट्रायपॉड लावा आणि मागे सरका. ट्रायपॉड नसेल तर हात पूर्ण लांब करून मीटर धरा आणि आवाज व माइक यांच्या रेषेतून बाजूला उभे राहा. मीटरचा पुढचा भाग निमुळता बनवतात तो याच कारणाने, त्याच्या स्वतःच्या अंगावरून आवाज कमी परतावा म्हणून.

दिशेचाही प्रश्न असतो. ‘फ्री-फील्ड’ माइक, म्हणजे एकाच दिशेने येणाऱ्या आवाजासाठी बनवलेला, आवाजाकडे सरळ रोखायचा. ‘रँडम इन्सिडन्स’ माइक, म्हणजे सगळीकडून येणाऱ्या आवाजासाठी बनवलेला, ७० ते ८० अंशांत तिरका धरायचा. तुमच्याकडे कोणता आहे ते पुस्तिकेत पाहून मीटरवरच चिकटपट्टीने लिहून ठेवा.

सावध: वारा ५ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला तर बाहेरचं मोजमाप थांबवा, विंडस्क्रीन असली तरी. पाऊस पडत असताना किंवा रस्ता ओला असताना वाहतुकीचा आवाज मोजू नका, ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वेगळाच असतो.

टप्पा ७: बॅकग्राउंड

ज्याचा आवाज हवा ते यंत्र बंद करा आणि त्याच जागी, त्याच सेटिंगवर उरलेला आवाज मोजा. जमल्यास आधी आणि नंतर, दोनदा. हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो आणि मग रस्त्याचा आवाज बिचाऱ्या पंपाच्या नावावर चढतो.

यंत्र चालू असतानाचं आणि बंद असतानाचं रीडिंग यांतला फरक पाहा:

- १० डेसिबेल किंवा जास्त: दुरुस्तीची गरज सहसा नाही.
- ३ ते १० च्या दरम्यान: चालू असतानाच्या रीडिंगमधून वजा करा. फरक ४ असेल तर २.२, ५ ला १.७, ६ ला १.३, ८ ला ०.७.
- ३ पेक्षा कमी: यंत्राचा आवाज या जागी वेगळा काढता येत नाही. बॅकग्राउंड कमी असेल अशी वेळ शोधा किंवा यंत्राच्या जवळ जा.

उदाहरण घ्या. पंप चालू असताना ५८.६, बंद असताना ५२.१. थेट वजाबाकी केली तर ६.५ येतात, पण त्याला काहीच अर्थ नाही. डेसिबेल आधी ऊर्जेत बदलायचे, ऊर्जांची वजाबाकी करायची, मग परत डेसिबेलमध्ये यायचं. उत्तर येतं ५७.५. एवढाच पंपाचा.

टप्पा ८: प्रत्यक्ष मोजणी

एलईक्यू असेल तर तेच चालवा. बदलत्या आवाजाची ती ऊर्जेवर आधारलेली सरासरी आहे. किती वेळ चालवायचं? आवाज एकसारखा असेल तर आकडा दशांशात स्थिर होईपर्यंत, काही मिनिटं पुरतात. यंत्र चालू-बंद होत असेल तर पूर्ण चक्रं मोजा, अर्धं चक्र कधीच नको.

समजा एक कॉम्प्रेसर ४ मिनिटं चालतो तेव्हा ७२ डेसिबेल असतात, मग ६ मिनिटं थांबतो तेव्हा ५४. साधी भारित सरासरी ६१.२ येते. खरी एलईक्यू ६८.१ आहे. मोठा आवाज थोडाच वेळ असला तरी सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. म्हणून डेसिबेलची साधी सरासरी काढायची नाही, आणि मधल्याच तीन मिनिटांचं रीडिंग घेऊन ५४ किंवा ७२ सांगायचं नाही.

मीटरमध्ये एलईक्यूची सोय नसेल तर मार्ग आहे, कष्टाचा पण खात्रीचा. आवाज फार झपाट्याने बदलत नसेल तर मीटर स्लोवर ठेवा आणि दर ५ सेकंदांनी त्या क्षणी दिसेल तो आकडा लिहा, ५ मिनिटांत ६० आकडे. ‘बरा वाटणारा’ आकडा निवडू नका. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याला १० ने भागा, १० चा तेवढा घात काढा, सर्वांची सरासरी घ्या, तिचा १० पायाचा लॉग काढा आणि १० ने गुणा.

मोजणी चालू असताना बोलू नका, पाय घासू नका, खिशातल्या किल्ल्याही आवरा. बटण दाबल्याचा टक्क आवाज शांत खोलीत नोंदला जातो, म्हणून उशिराने सुरू होण्याची सोय असेल तर ती वापरा. मध्येच भलताच आवाज झाला, कोणी हॉर्न दिला किंवा डोक्यावरून विमान गेलं, तर वेळ लिहा. मीटरमध्ये थांबवून मागचे काही सेकंद पुसायची सोय असेल तर पुसा, नसेल तर मोजणी पुन्हा करा. मात्र आवडता निकाल येईपर्यंत मोजत राहून बाकीचे टाकून देणं अप्रामाणिक आहे. रद्द केलेलं प्रत्येक मोजमाप कारणासह वहीत राहू द्या.

निदान तीनदा मोजा. स्थिर आवाजात तीन निकालांत २ डेसिबेलपेक्षा जास्त अंतर पडलं तर काहीतरी बदलतंय. यंत्रावरचा भार, दार, बॅकग्राउंड, तुमची उभं राहायची जागा, एकेक तपासा.

टप्पा ९: पुन्हा कॅलिब्रेटर, मग नोंद

मीटर बंद करायच्या आधी कॅलिब्रेटर परत लावा, पण या वेळी समायोजन करू नका, फक्त रीडिंग लिहा. सुरुवातीच्या आणि आताच्या आकड्यात ०.५ डेसिबेलपेक्षा जास्त फरक असेल तर मधली सगळी मोजमापं बाद. कडू आहे, पण दुसरा उपाय नाही. म्हणूनच दिवसभराच्या कामात मध्येमध्ये कॅलिब्रेटर लावून पाहावा, म्हणजे संध्याकाळी सगळा दिवस पाण्यात जात नाही.

नोंदीत एवढं तरी हवंच: तारीख आणि वेळ, मीटर व कॅलिब्रेटरचं मॉडेल आणि क्रमांक, दोन्ही कॅलिब्रेशनची रीडिंग, वेटिंग आणि कालांक, मोजणीचा कालावधी, माइकची उंची आणि जवळच्या पृष्ठभागांपासूनची अंतरं, एक हाताने काढलेला नकाशा, वारा आणि हवामान, यंत्र कोणत्या भारावर चालू होतं, बॅकग्राउंड, आणि कानाला काय ऐकू आलं. शेवटची बाब लोक गाळतात. आवाज शिट्टीसारखा होता, धडधड होता की घुमत होता, हे मीटर एका आकड्यात सांगत नाही.

नुसतं ‘५७.५ डेसिबेल’ लिहू नका. असं लिहा (एलएईक्यू म्हणजे ए-वेटिंग लावलेली एलईक्यू): ‘एलएईक्यू, १० मिनिटं, ५८ डेसिबेल, बॅकग्राउंडची दुरुस्ती करून, पंपापासून ५ मीटरवर, माइक १.५ मीटर उंचीवर, पंप पूर्ण भारावर.’ दशांश हिशेबात सांभाळा आणि पूर्णांकात फक्त शेवटी, एकदाच या. निकाल मर्यादेच्या एक-दोन डेसिबेल आत-बाहेर असेल तर क्लास २ च्या मीटरवर ‘मर्यादा ओलांडली’ किंवा ‘मर्यादेत आहे’ असा ठाम शेरा मारू नका. क्लास १ चा मीटर घेऊन त्याच जागी, नकाशावरची अंतरं मोजपट्टीने जुळवून, पुन्हा मोजा.